टायटॅनियमच्या भागांचे ब्लास्टिंग : अपघर्षक माध्यमाची निवड व वापर (नवी मुंबईच्या औद्योगिक संदर्भात)

सारांश

टायटॅनियमच्या भागांचा पृष्ठभाग स्वच्छ करणे, खरखरीत करणे अथवा बळकट करणे यासाठी दाबयुक्त हवेच्या झोतातून अपघर्षक कण मारण्याची पद्धत, म्हणजेच ब्लास्टिंग, सर्वत्र वापरली जाते. या कामासाठी कोणते माध्यम निवडावे हा प्रश्न बहुधा वेग आणि किंमत या दोनच कसोट्यांवर सोडविला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, टायटॅनियमच्या बाबतीत माध्यम पृष्ठभागावरून काय काढून नेते यापेक्षा ते मागे काय ठेवते हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. हे अवशेष तीन ठिकाणी राहतात : भागाच्या पृष्ठभागात, यंत्राच्या धूळसंग्राहकात आणि कामगाराच्या फुप्फुसात. या तिन्हींचा एकत्रित विचार करून निवडीचे निकष येथे मांडले आहेत.

बीजशब्द : टायटॅनियम, अपघर्षक, ब्लास्टिंग, अॅल्युमिना, ग्लास बीड, पृष्ठभाग-प्रदूषण, सिलिकोसिस.

१. प्रस्तावना

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा पट्टा १९६० च्या दशकापासून रासायनिक उद्योगांचा पट्टा म्हणून ओळखला जाऊ लागला. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि या पट्ट्याभोवती नवी मुंबई हे नियोजित शहर आकारास आले. दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, शिरवणे असा पसरलेला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा टीटीसी विभाग आणि पूर्वेकडील तळोजा औद्योगिक क्षेत्र येथे रसायने, औषधे व अभियांत्रिकी या क्षेत्रांतील उद्योग एकमेकांच्या शेजारी नांदतात. ओला क्लोरीन, क्षारयुक्त पाणी आणि अनेक ऑक्सिडीकारक आम्ले यांपुढे जेथे स्टेनलेस स्टील टिकत नाही, तेथे टायटॅनियमची उष्णता-विनिमयक यंत्रे, नळ्या, पंपाचे भाग व विद्युतअग्रे वापरली जातात. याच शहरात नेरूळ, खारघर, कामोठे येथे दंतवैद्यक व वैद्यक महाविद्यालये आणि रुग्णालये आहेत. तेथे हाच धातू दंतरोपणाच्या स्क्रूच्या अथवा कृत्रिम सांध्याच्या रूपाने रुग्णाच्या शरीरात बसविला जातो.

रसायनाच्या टाकीत आणि माणसाच्या जबड्यात जाणाऱ्या या दोन्ही भागांना जोडणारा एक सामान्य टप्पा म्हणजे ब्लास्टिंग होय. अमेरिकेतील बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी १८७० मध्ये वाळूच्या झोताने पृष्ठभाग कोरण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तेव्हापासून या तंत्राचे मूळ तत्त्व बदललेले नाही. बदलली आहेत ती माध्यमे. पोलादासाठी रूढ झालेली माध्यमे व सवयी टायटॅनियमला जशाच्या तशा लागू केल्यास काय घडते, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

२. उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) ब्लास्टिंगच्या संदर्भात टायटॅनियमचे वेगळेपण स्पष्ट करणे, (आ) प्रचलित माध्यमांची तुलना करणे, (इ) माध्यमाच्या वापरातील तांत्रिक व आरोग्यविषयक दक्षता विशद करणे, (ई) लहान कारखान्यांना उपयोगी पडतील असे निकष सुचविणे. लेखनासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून पदार्थविज्ञान, दंतवैद्यक व औद्योगिक आरोग्य या तीन शाखांतील प्रस्थापित माहितीची सांगड घातली आहे.

३. टायटॅनियमचे वेगळेपण

टायटॅनियमची घनता सुमारे ४.५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, म्हणजे पोलादाच्या साठ टक्क्यांच्या आसपास आहे. त्याचा गंजरोधक गुण धातूच्या अंगभूत निष्क्रियतेतून येत नाही. हवेशी संपर्क येताच पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो आणि तोच धातूचे रक्षण करतो. वस्तुतः टायटॅनियम हा अत्यंत क्रियाशील धातू आहे. ब्लास्टिंगच्या दृष्टीने यातून चार परिणाम संभवतात.

पहिला परिणाम कण रुतण्याचा. शुद्ध टायटॅनियम तुलनेने मऊ व चिवट असते. व्हिकर्स मापनानुसार त्याची कठीणता साधारणतः १५० ते २०० च्या घरात, तर सहा टक्के अॅल्युमिनियम व चार टक्के व्हॅनेडियम असलेल्या प्रचलित मिश्रधातूची ३५० च्या आसपास असते. अॅल्युमिनाची कठीणता मात्र २,००० च्या जवळपास आहे. असा टोकदार कण वेगाने आदळला की तो धातू खरवडतो, परंतु त्याचे टोक तुटून धातूतच रुतण्याचीही शक्यता असते.

दुसरा परिणाम लोहाच्या संसर्गाचा. पोलादी ग्रिट अथवा शॉट वापरल्यास लोहाचे सूक्ष्म कण पृष्ठभागावर चोपडले जातात. गरम रासायनिक द्रावणात असे ठिपके ऑक्साइडच्या पापुद्र्यातील कच्चे दुवे ठरतात. विशेषतः ८० अंश सेल्सिअसच्या वरील तापमानात, जेथे हायड्रोजन निर्माण होतो अशा ठिकाणी, तो लोहाच्या डागातून टायटॅनियममध्ये शिरून धातू ठिसूळ करू शकतो.

तिसरा परिणाम उष्णतेने होणाऱ्या कठीण थराचा. सुमारे ६०० अंशांच्या वर हवेत तापविल्यास ऑक्सिजन धातूत मुरतो आणि ‘अल्फा केस’ नावाचा कठीण, ठिसूळ थर तयार होतो. घडाई, ओतकाम अथवा उष्णोपचार यांनंतर तो काढावाच लागतो. ब्लास्टिंगने त्यावरील खवले निघतात व थर सैल होतो. तथापि तो पूर्णपणे काढण्यासाठी पुढे नायट्रिक व हायड्रोफ्लोरिक आम्लांच्या मिश्रणात भाग बुडवावा लागतो किंवा यंत्रण करावे लागते. केवळ ब्लास्टिंगने उजळ झालेला पृष्ठभाग अल्फा केसपासून मुक्त झाला असे मानता येत नाही.

चौथा परिणाम आगीचा. कठीण कण टायटॅनियमवर आदळताना पांढऱ्याशुभ्र ठिणग्या उडतात. त्या म्हणजे जळणारे टायटॅनियमचे कणच होत. या बारीक धुळीचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

४. प्रचलित माध्यमांचा तुलनात्मक विचार

४.१ वाळू : ‘सँड ब्लास्टिंग’ हे नाव आजही सर्रास वापरले जात असले, तरी नैसर्गिक वाळू हे माध्यम म्हणून वर्ज्य समजले पाहिजे. वाळूतील स्फटिकमय सिलिका आदळताच फुटते आणि तिचे काही मायक्रॉन आकाराचे कण फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. ब्रिटनने १९४९ च्या नियमांन्वये ओतीव व इतर वस्तूंच्या ब्लास्टिंगसाठी सिलिकायुक्त माध्यमावर बंदी घातली. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९७४ मध्ये अशाच बंदीची शिफारस केली. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने व्यवसायात श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकमय सिलिकाचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या गटात केला. तुर्कस्तानात जीन्सच्या कापडाला जुनाट रूप देण्यासाठी वाळूचा झोत वापरणाऱ्या तरुण कामगारांना अल्पावधीतच सिलिकोसिस झाल्याचे उघडकीस आले आणि २००९ मध्ये तेथे या प्रथेवर बंदी आली. धातू असो वा कापड, फुप्फुसाला फरक पडत नाही.

४.२ अॅल्युमिनियम ऑक्साइड : टायटॅनियमसाठी सर्वाधिक वापरले जाणारे माध्यम हेच होय. त्याचे कण कठीण व टोकदार असून पुन्हा पुन्हा वापरता येतात. तपकिरी अॅल्युमिनात साधारणतः ९५ ते ९७ टक्के अॅल्युमिना असून उरलेल्या भागात टायटॅनियम डायऑक्साइडबरोबर थोडे लोह-ऑक्साइडही असते. पांढऱ्या अॅल्युमिनाची शुद्धता ९९ टक्क्यांहून अधिक असते. महत्त्वाच्या भागांसाठी पांढरा प्रकार श्रेयस्कर ठरतो. खवले काढण्यासाठी जाड, सर्वसाधारण स्वच्छतेसाठी मध्यम (६० क्रमांक, सुमारे ०.२५ मिमी) आणि एकसारख्या मॅट पृष्ठभागासाठी बारीक (१२० क्रमांक, सुमारे ०.१ मिमी) असा क्रम ठेवता येतो. याचा दोष म्हणजे रुतलेला कण. अॅल्युमिना आम्लात सहज विरघळत नसल्याने तो नंतर धुऊन काढणे अवघड असते.

४.३ गार्नेट : याची कठीणता मोह्स मापनात सुमारे ७ ते ७.५ असून मुक्त सिलिकाचे प्रमाण सामान्यतः एक टक्क्याहून कमी असते. मोठ्या पृष्ठभागांसाठी हे माध्यम किफायतशीर पडते. मात्र गार्नेटच्या काही प्रकारांच्या रचनेतच लोह असल्याने शरीरात जाणाऱ्या भागांसाठी ते योग्य नाही. येथे एक भूवैज्ञानिक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. टायटॅनियमचे प्रमुख खनिज इल्मेनाइट आणि अपघर्षक गार्नेट ही दोन्ही ओडिशातील छत्रपूर व तमिळनाडूतील मणवाळकुरिची येथे किनाऱ्यावरच्या एकाच वाळूतून वेगळी काढली जातात. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्‌स या नावाने स्थापन झालेली सार्वजनिक कंपनी हे काम करते. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही इल्मेनाइट आढळते. धातू आणि तो घासणारा दगड, दोघांचे माहेर एकच!

४.४ ग्लास बीड : सोडा-चुना काचेचे हे गोल मणी धातू फारसा काढत नाहीत. ते पृष्ठभाग ठोकून गुळगुळीत, साटीनसारखा करतात. ही काच अस्फटिक असल्याने सिलिकोसिसचा धोका वाळूच्या मानाने पुष्कळच कमी असतो. परंतु मणी वापरात फुटतात आणि फुटलेल्या मण्यांच्या कडा धारदार असतात. म्हणून चाळणीने फुटके मणी नियमितपणे वेगळे न केल्यास, गोल माध्यम म्हणून सुरू झालेले काम टोकदार माध्यमाने संपते.

४.५ सिरॅमिक बीड : झिर्कोनियायुक्त हे मणी काचेपेक्षा जड व चिवट असून कितीतरी अधिक फेऱ्या टिकतात. त्यांच्यात लोहाचा प्रश्न नसतो. विमानाच्या भागांच्या शॉट पीनिंगसाठी ते विशेष उपयुक्त ठरतात. प्रारंभिक किंमत अधिक असली तरी प्रति भाग खर्च काढल्यास चित्र बदलू शकते.

४.६ विरघळणारी माध्यमे : दंतरोपणाच्या क्षेत्रात हाडाशी साधर्म्य असणाऱ्या कॅल्शियम फॉस्फेटच्या कणांचा वापर रूढ झाला आहे. रुतलेले कण नंतर सौम्य नायट्रिक आम्लात विरघळवता येतात आणि एखादा राहिलाच, तरी तो शरीराला परका नसतो. माध्यमाची निवड अवशेषाच्या विचारातून कशी करावी, याचे हे उत्तम उदाहरण होय.

४.७ पोलादी ग्रिट, लोहयुक्त धातुमळी आणि मऊ माध्यमे : पोलादी ग्रिट व जहाजबांधणीत वापरली जाणारी तांब्याची मळी टायटॅनियमसाठी टाळावी. केवळ जुना रंग अथवा चिकटलेला थर काढावयाचा असल्यास प्लास्टिकचे कण, अक्रोडाच्या कवचाचा भुगा किंवा सोडियम बायकार्बोनेट ही मऊ माध्यमे धातूला धक्का न लावता काम करतात.

५. तीन उदाहरणे

पहिले उदाहरण क्लोर-अल्कली उद्योगातील अॅनोडचे. टायटॅनियमवर मौल्यवान धातूंच्या ऑक्साइडचा लेप देण्याची कल्पना हेन्री बिअर यांनी १९६० च्या दशकात विकसित केली. लेप झिजल्यावर मूळ टायटॅनियम पुन्हा वापरता येते. त्यासाठी जुना थर काढून पृष्ठभाग ब्लास्टिंगने खरखरीत करतात व नंतर गरम आम्लात कोरतात. येथे खरखरीतपणा हवाच असतो, कारण नवा लेप त्यालाच धरून राहतो. म्हणून मध्यम वा जाड अॅल्युमिना आणि त्यानंतर आम्लकोरण हा क्रम योग्य ठरतो. लोहयुक्त माध्यम मात्र येथे वर्ज्य होय.

दुसरे उदाहरण दंतरोपणाचे. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे रोपण बसविले आणि हाड व टायटॅनियम यांच्यातील थेट जोडणीचे शास्त्र उदयास आले. पुढे असे दिसून आले की, ठरावीक प्रमाणात खरखरीत असलेला पृष्ठभाग हाड अधिक चांगला धरतो. त्यातून ०.२५ ते ०.५० मिमी आकाराच्या अॅल्युमिनाने ब्लास्टिंग व त्यानंतर हायड्रोक्लोरिक-सल्फ्युरिक आम्लाने कोरण ही पद्धत रूढ झाली. मोठे खड्डे ब्लास्टिंगने व त्यांतील सूक्ष्म खाचा आम्लाने, अशी ही दुपदरी रचना असते. आम्लामुळे पृष्ठभागाचा पातळ थर जाऊन रुतलेल्या कणांपैकी काही सुटे होतात. तरीही अंतिम तपासणी अपरिहार्य असते.

तिसरे उदाहरण विमानाच्या भागाचे. महाराष्ट्रात नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेल्या सुखोई-३० एमकेआय विमानाच्या सांगाड्यात टायटॅनियमचा वापर आहे. अशा भागांवर वारंवार भार येतो आणि धातू थकून तडकण्याचा धोका असतो. टोकदार कणांनी पडलेली प्रत्येक खाच तडा सुरू होण्याचे ठिकाण बनू शकते. याउलट गोल मण्यांचे नियंत्रित पीनिंग पृष्ठभागात दाबाचा ताण निर्माण करून तड्याला विरोध करते. पीनिंगची तीव्रता आल्मेन पट्टीच्या वाकण्यावरून मोजली जाते. एकाच धातूच्या तीन भागांना तीन वेगळी माध्यमे का लागतात, हे यावरून स्पष्ट व्हावे.

६. वापरातील तांत्रिक दक्षता

(१) दाब व कोन : पातळ भागांसाठी २ ते ४ बार दाब पुरेसा असतो. दाब वाढविला की काम लवकर होते, पण कण अधिक रुततात व पातळ पत्रा वाकतो. झोत काटकोनात धरल्यास कण सर्वाधिक रुततात. ४५ ते ६० अंशांच्या तिरप्या कोनात धरल्यास ते कमी होते. नोझल भागापासून साधारणतः १०० ते १५० मिमी अंतरावर ठेवून सतत फिरते ठेवावे.

(२) कोरडी हवा : नवी मुंबईच्या खाडीकाठच्या हवामानात, विशेषतः जून ते सप्टेंबर या काळात, कॉम्प्रेसरच्या हवेत आर्द्रता मोठ्या प्रमाणात येते. माध्यमाचे गोळे होतात, नोझल तुंबते आणि तेलमिश्रित पाणी भागावर बसते. यासाठी ड्रायर व तेलविभाजक आवश्यक आहेत. नोझलसमोर, माध्यम बंद ठेवून, स्वच्छ पांढरे फडके मिनिटभर धरल्यास हवेतील तेल वा पाणी लगेच दिसते.

(३) नोझलची झीज : सुमारे ६ मिमी व्यासाच्या नोझलला ७ बार दाबाने मिनिटाला दोन घनमीटरांहून अधिक हवा लागते. व्यास दुप्पट झाल्यास हवेची गरज चौपट होते. कॉम्प्रेसर ती पुरवू शकत नाही व दाब पडतो. म्हणून झिजलेले नोझल वेळीच बदलणे ही बचतच ठरते.

(४) स्वतंत्र कॅबिनेट : जॉबवर्क करणाऱ्या लहान कारखान्यात सकाळी पोलादाचे आणि दुपारी टायटॅनियमचे भाग एकाच कॅबिनेटमध्ये येणे अशक्य नाही. अशा वेळी माध्यम नवे घातले तरी कोपऱ्यांत, नळीत व संग्राहकात उरलेले लोहकण संसर्ग घडवितात. दुसरे कॅबिनेट परवडत नसेल, तर निदान नळी, नोझल व माध्यम टायटॅनियमसाठी राखून ठेवावे आणि आतील भाग पूर्णपणे झाडून घ्यावा. माध्यमातून चुंबक फिरविणे ही अत्यंत स्वस्त तपासणी आहे. माध्यमाचा नमुना स्वच्छ पाण्यात हलवून ठेवल्यास पृष्ठभागावर येणाऱ्या तवंगावरून तेलाचा संसर्ग कळतो.

(५) अंतिम तपासणी : लोहाच्या अंशासाठी पोटॅशियम फेरिसायनाइड व नायट्रिक आम्लाच्या द्रावणाची चाचणी करतात. जेथे लोह असेल तेथे निळा डाग उमटतो. चाचणीनंतर भाग स्वच्छ पाण्याने धुणे आवश्यक आहे. हायड्रोफ्लोरिक आम्लाचा वापर होत असल्यास, त्याची इजा प्रथम वेदनारहित वाटली तरी ती खोलवर जाते हे ध्यानात ठेवून, कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी असलेच पाहिजे.

७. धूळ, आग व कामगाराचे आरोग्य

टायटॅनियमची बारीक धूळ हवेत पसरली व ठिणगी मिळाली तर स्फोट होऊ शकतो. जळते टायटॅनियम पाण्याने विझत नाही, उलट पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन निर्माण होतो. कार्बन डायऑक्साइडही निरुपयोगी ठरतो, कारण टायटॅनियम त्यातही जळते. नायट्रोजनच्या वातावरणातही त्याचे ज्वलन होते. म्हणून धातूंच्या आगीसाठी असलेली कोरडी भुकटी अथवा कोरडे मीठ जवळ ठेवावे. टायटॅनियमची धूळ आणि गंजलेल्या पोलादाची धूळ एकाच संग्राहकात साठू देणे विशेष धोक्याचे असते, कारण लोह-ऑक्साइड जळणाऱ्या धातूला ऑक्सिजन पुरवितो. नळी व कॅबिनेट यांना अर्थिंग असावे. ओला संग्राहक वापरल्यास हायड्रोजन बाहेर पडण्याची वाट असावी आणि गाळ सुकू देऊ नये. गोळा झालेला गाळ सामान्य कचऱ्यात न टाकता त्याची नियमानुसार विल्हेवाट लावावी. घातक कचऱ्यासाठी तळोजा येथे सामाईक प्रक्रिया केंद्र उपलब्ध आहे.

कामगाराच्या बाबतीत सर्वांत मोठा भ्रम तोंडावर बांधलेल्या रुमालाचा आहे. रुमालाने डोळ्यांना दिसणारी धूळ अडते, परंतु फुप्फुसाला इजा करणारी धूळ डोळ्यांना दिसतच नाही. खुल्या जागेतील ब्लास्टिंगसाठी बाहेरून शुद्ध हवा पुरविणारे शिरस्त्राण, हातमोजे व कानांचे संरक्षण यांना पर्याय नाही, कारण या कामाचा आवाज १०० डेसिबलच्याही पुढे जातो. सिलिकोसिस बरा करणारा उपचार उपलब्ध नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत या रोगाचा समावेश शासनाला कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत होता. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही तो कायम आहे. महाराष्ट्रात याची देखरेख औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. कायदा असला तरी तो लहान गाळ्याच्या दारापर्यंत पोहोचतो तो प्रामुख्याने मालकाच्या व कामगाराच्या जाणिवेतूनच. माध्यमाच्या पोत्यावरील मुक्त सिलिकाचे प्रमाण वाचण्याची सवय ही त्या जाणिवेची पहिली पायरी होय.

८. निष्कर्ष

(१) टायटॅनियमसाठी सर्वोत्तम असे एकच माध्यम नाही. भागाचे अंतिम कार्य हेच निवडीचा आरंभबिंदू असले पाहिजे.

(२) लेप धरण्यासाठी शुद्ध अॅल्युमिना, शरीरात जाणाऱ्या भागांसाठी शुद्ध अॅल्युमिना व आम्लकोरण किंवा विरघळणारे माध्यम, वारंवार भार येणाऱ्या भागांसाठी सिरॅमिक अथवा काचेचे गोल मणी आणि केवळ स्वच्छतेसाठी मऊ माध्यम, अशी स्थूल विभागणी करता येते.

(३) वाळू कामगारासाठी आणि लोहयुक्त माध्यम भागासाठी घातक असल्याने दोन्ही टाळावीत.

(४) माध्यमाइतकेच महत्त्व दाब, कोन, कोरडी हवा व स्वतंत्र उपकरणे यांना आहे. चुंबक, पांढरे फडके व पाण्याची बाटली या अल्पखर्चिक साधनांनी बहुतेक दोष प्रारंभीच ओळखता येतात.

(५) टायटॅनियमची धूळ हा आगीचा स्वतंत्र धोका असून तिची साठवण व विल्हेवाट ही प्रक्रियेचाच भाग मानली पाहिजे.

२०११ मध्ये केरळमधील चवरा येथे वार्षिक ५०० टन क्षमतेचा टायटॅनियम स्पंजचा कारखाना सुरू झाला आणि वाळूपासून धातूपर्यंतची साखळी देशातच पूर्ण होण्याच्या दिशेने पाऊल पडले. परंतु मौल्यवान धातू मिळविणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याच्या पृष्ठभागावर अखेरचा हात फिरविणाऱ्या लहान कारखान्याचे ज्ञान महत्त्वाचे आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व अभियांत्रिकी पदविका यांच्या अभ्यासक्रमात पोलादाव्यतिरिक्त धातूंच्या ब्लास्टिंगचा स्वतंत्र घटक समाविष्ट झाल्यास नवी मुंबईसारख्या औद्योगिक शहराला त्याचा लाभ होईल. टायटॅनियमचा भाग यंत्रात किंवा शरीरात दीर्घकाळ टिकावा अशी अपेक्षा असते. तो घडविणाऱ्याचे आयुष्यही तितकेच टिकावे, ही अपेक्षा त्या भागाच्या गुणवत्तेपासून वेगळी मानता येणार नाही.